'जड उचलू नका' हा सल्ला नेमका कुणासाठी?

शिरूर आणि दौंड तालुक्यात ज्याच्या गोठ्यात गाय-म्हैस आहे त्याला 'मायांग' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. म्हैस व्यायला झाली आणि तिचं मायांग बाहेर यायला लागलं, की रात्री अकरा वाजतासुद्धा डॉक्टरला फोन जातो. तो येतो, अंग स्वच्छ धुऊन आत सारतो, गरज असेल तर टाके घालतो, जनावर उतारावर कसं बांधायचं ते सांगून जातो. शेतीच्या मासिकांत यावर लेख येतात. चावडीवर यावर बोलताना कुणी लाजत नाही, कारण म्हैस लाखाची असते.

त्याच गावातल्या बाईचं अंग बाहेर येत असेल, तर ती दहा-पंधरा वर्षं कुणाला सांगत नाही. नवऱ्याला सांगत नाही, सासूला सांगत नाही. बऱ्याचदा सासूचंही तेच झालेलं असतं आणि तीही सांगत नसते. लुगड्याचा बोळा करून आत सरकवायचा, वरून घट्ट कासोटा घालायचा आणि फडावर जायचं. लघवीला बसताना बोटाने अंग आत ढकलायचं, मग लघवी होते. हे मी ऐकीव सांगत नाही. वस्त्यांवर, वीटभट्ट्यांवर आणि उसाच्या फडावर आरोग्याचं काम करताना बायकांनी हे मला सांगितलेलं आहे, आणि तेही पहिल्या भेटीत कधीच नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत, सगळ्या उठून गेल्यावर, दार ओढून घेऊन.

काही तरुण मित्र विचारतील, की हा विषय या ब्लॉगवर कशाला? आरक्षण, अत्याचार, संविधान, शिष्यवृत्ती हे आपले विषय. बायकांच्या आजाराचं डॉक्टर बघतील. मला नेमका याच समजुतीशी वाद घालायचा आहे. कारण गर्भाशय खाली सरकण्याचा हा आजार शरीरात दिसत असला, तरी त्याची बरीचशी कारणं मजुरीत, जातीत, लग्नाच्या वयात आणि सरकारी दवाखान्याच्या रिकाम्या टेबलावर आहेत.

आधी आजार समजून घेऊ, कारण आपल्याकडे तो समजून न घेताच 'पिशवी काढा' इथपर्यंत गाडी जाते.

बाईच्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. लहान बाळाला बांधतो तशी. पुढे लघवीची पिशवी, मध्ये गर्भाशय, मागे गुदाशय. ही तिन्ही त्या झोळीवर तोललेली असतात आणि बाजूंनी चिवट दोऱ्यांसारख्या बंधांनी ताणून धरलेली असतात. बाळंतपणात ही झोळी आणि हे बंध प्रचंड ताणले जातात. ते पुन्हा आवळून यायला किमान सहा आठवडे लागतात, पुरती ताकद यायला आणखी कित्येक महिने. या काळात पोटातून खाली जोर पडत राहिला, म्हणजे ओझं उचललं, सतत खोकला राहिला, शौचाला कुंथावं लागलं, तर झोळी सैलच राहते. एका बाळंतपणात निभावतं. सतराव्या वर्षी पहिलं, एकोणिसाव्या वर्षी दुसरं, एकविसाव्या वर्षी तिसरं असं झालं, की नाही निभावत. पुढे पाळी जाण्याच्या वयात शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं, तिथली त्वचा आणि बंध पातळ होतात, आणि पंचविशीत सैल झालेली झोळी पंचेचाळिशीत हात टेकते. काही बायकांचे बंध जन्मतःच नाजूक असतात, त्यांना फारसं ओझं न उचलताही हे होतं. त्यामुळे 'तूच जड उचललंस, तुझीच चूक' असं कुणाही बाईला म्हणणं वैद्यकीयदृष्ट्याही खोटं आहे.

सुरुवातीला बसल्यावर काहीतरी खाली लागल्यासारखं वाटतं, कंबर ओढते, संध्याकाळी जडपणा वाढतो, आडवं पडलं की बरं वाटतं. नंतर धुताना हाताला गोळा लागतो. शेवटच्या टप्प्यात गर्भाशय पूर्ण बाहेर लोंबतं, कपड्याला घासून त्याला जखमा होतात, रक्त आणि पू येतो. खोकताना-हसताना लघवी सुटते, किंवा उलट लघवी तुंबते. लघवी पूर्ण न झाल्यामुळे पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो आणि फार दिवस दुर्लक्ष झालं तर मूत्रपिंडावर ताण येतो. अंगाला वास येतो म्हणून बाई लग्नकार्यात जात नाही, वंदनेला विहारात येत नाही, मागे दाराशी बसते. आपण म्हणतो, आमच्या बाया कार्यक्रमाला येत नाहीत. कधीतरी का येत नाहीत ते विचारून बघा.

आता ओझ्याकडे येऊ.

भीमा, घोड आणि मुळा-मुठेच्या पाण्यावर आपल्या दोन्ही तालुक्यांत ऊस उभा आहे. न्हावऱ्याचा घोडगंगा, पाटसचा भीमा, आलेगावचा दौंड शुगर, शिवाय केडगाव, राहू, पारगाव या बाजूची गुऱ्हाळं. दिवाळीच्या सुमाराला बीड, पाथर्डी, शेवगावकडून टोळ्या येतात. वंजारी, बंजारा, मातंग, बौद्ध, पारधी, भटके-विमुक्त. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती जोडीने फेडायची. नवरा ऊस तोडतो, बाई वाढं साळते, मोळी बांधते आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. दिवसातून किती वेळा, ते ट्रक भरण्यावर अवलंबून. पहाटे चारला उठायचं, कोपीवर येऊन पुन्हा चूल. आजारपणाने एक दिवस कामावर गेली नाही तर खाडा, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंड. फडावर संडास नाही, म्हणून बाई दिवसभर पाणी पीत नाही. पाणी पीत नाही म्हणून मलावरोध. चुलीच्या धुराने खोकला. झोळी सैल करणारी जी कारणं पुस्तकात वेगवेगळी दिलेली असतात, ती फडावरच्या बाईच्या एका दिवसात एकत्र येतात.

अशी एक बाई, सात महिन्यांच्या बाळाची आई, आमच्यासोबत तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे आली होती. डॉक्टर चांगले होते, नीट तपासलं, हसून बोलले. जाताना सांगितलं, "ताई, जड उचलायचं नाही हां आता." ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "मॅडम, ह्येंला सांगा की मुकादमाला चिठ्ठी द्या म्हनावं."

त्या डॉक्टरांची काही चूक नव्हती. पण या एका वाक्यात सगळा प्रश्न आहे. 'जड उचलू नका' ही वैद्यकीय सूचना आहे असं आपण समजतो. ज्या बाईची उचल फिटायची आहे तिच्यासाठी ती आर्थिक मागणी आहे, आणि ती डॉक्टरकडे करून उपयोग नाही. ती कारखान्याकडे, सरकारकडे करायला हवी. कोण करणार? मला वाटतं, ते आपलं काम आहे.

बाबासाहेबांनी ते केलेलं आहे. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडलं, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. पण बाईच्या कामाचा फायदा मालकही घेतो, तेव्हा त्यालाही यातून अंग काढून घेता येणार नाही. १९२९ मध्ये कायदा झाला. पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये संततिनियमनाचा ठराव त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी विधिमंडळात मांडला. पुरुषांना प्रसूतीच्या वेणा सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून जास्त मूल होऊ द्यायला त्यांच्यातला कुणी तयार झाला नसता, अशा आशयाचं त्या भाषणात आहे. ठराव फेटाळला गेला. आपण १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या नावाने जे बॅनर लावतो, त्यावर गोलमेज परिषद असते, चवदार तळं असतं; १९२८ आणि १९३८ ची ही दोन भाषणं मी एकाही बॅनरवर पाहिलेली नाहीत.

आणि आज काय आहे? १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. चांगलं झालं. ती रजा कचेरीतल्या आणि कारखान्याच्या पटावरच्या बाईला. ऊसतोड करणारी बाई कारखान्याच्या पटावर नसते. तिच्यात आणि कारखान्यात मुकादम आणि तोडणी-वाहतूक ठेकेदार उभे केलेले आहेत. वीटभट्टीवरची बाई कुणाच्याच पटावर नसते. तिला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये, तेही कागदपत्रं जुळली तर. पाच हजारांत किती दिवस मोळी न उचलता राहता येईल याचा हिशेब ज्याने त्याने करावा. ऊस आपल्या शिवारातून जातो, साखर कारखान्यातून निघते, पण मोळी वाहणाऱ्या बाईच्या ओटीपोटाची जबाबदारी कुणाच्याच वहीत नाही. बाबासाहेबांनी मालकाला ज्या जबाबदारीत बांधलं होतं, त्या जबाबदारीतून मुकादम नावाची पळवाट काढून मालक सुटला आहे, असं मी म्हणेन.

इथे एक गोष्ट आपल्या घरातलीही बोलली पाहिजे. सव्वा महिन्याची बाळंतिणीची खोली विटाळातून आली. तिला शिवायचं नाही, चुलीपाशी यायचं नाही, हा अपमान होता, आणि बौद्ध झाल्यावर आपण तो झुगारला हे योग्यच केलं. पण त्या सव्वा महिन्यात जिच्या घरी चार माणसं राबणारी होती तिला विश्रांतीही मिळत होती. आपल्या आज्यांना तीही नव्हती. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातल्या कोवळ्या पोरींची बाळंतपणं आणि त्यानंतरची उपासमार लिहून ठेवली आहे; ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं. आज मी बघते, की आपल्यातल्या सुशिक्षित घरांतसुद्धा 'आम्ही विटाळ मानत नाही' असं अभिमानाने सांगत बाराव्या दिवशी सुनेला पाण्याचे हंडे उचलायला लावतात. विटाळ गेला आणि त्याच्याबरोबर विश्रांतीही गेली. विश्रांतीला धार्मिक कारण लागत नाही, ती स्नायूंसाठी लागते, आणि ती नवऱ्याने हंडा उचलला की मिळते. एवढं पुरोगामित्व आपल्या तरुणांना झेपायला हरकत नाही.

लग्नाच्या वयाचंही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे पाचातली एक. ऊसतोडीच्या भागात यामागे थेट कोयत्याचं गणित आहे: जोडीला उचल जास्त मिळते, मुलगी गावी एकटी ठेवायची भीती वाटते, म्हणून लग्न लावून टाकतात. आपल्या मंगल परिणयात पंचवीस गाथा म्हटल्या गेल्या म्हणून सतरा वर्षांच्या मुलीचं शरीर अठराचं होत नाही.

आता पिशवी काढण्याचा धंदा.

बीडमधलं प्रकरण तुम्हाला माहीत आहे. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या बातम्यांनंतर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सहातली एक. यात सगळ्याच काही अंग बाहेर येणाऱ्या नव्हत्या. पांढरं जाणं, पाळीत जास्त जाणं, पोट दुखणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायकांना 'कॅन्सर होईल' अशी भीती घालून टेबलावर घेतल्याच्या तक्रारी झाल्या. बातमी 'बीड'ची झाली आणि आपण हळहळलो. पण त्या बायका वर्षातले पाच-सहा महिने कुठे असतात? आपल्या शिवारात असतात. त्यांचं शरीर इथल्या फडावर झिजतं आणि ऑपरेशन तिकडे होतं. त्यामुळे हा बीडचा प्रश्न आहे असं म्हणून शिरूर-दौंडच्या कार्यकर्त्याला मोकळं होता येणार नाही.

माझा मुद्दा ऑपरेशनविरोधी नाही, हे स्पष्ट सांगते. गर्भाशय पूर्ण बाहेर आलेलं आहे, वय झालेलं आहे, जखमा होत आहेत, अशा बाईला शस्त्रक्रियेने मोठा आराम पडतो. घाबरवून तिला रोखणं हाही अन्यायच. पण झोळी सैल झालेली असताना नुसती पिशवी काढून टाकली आणि झोळी-बंध नीट केले नाहीत, तर मूळ बिघाड तसाच राहतो. काही वर्षांनी योनीचाच वरचा भाग खाली यायला लागतो. लघवीची पिशवी उतरलेली असेल तर ती उतरलेलीच राहते. आणि तिशी-पस्तिशीत गर्भाशयाबरोबर बीजकोषही काढले, तर बाईला अवेळी पाळी गेल्याचे सगळे त्रास सुरू होतात: हाडं ठिसूळ, अंगातून वाफा, झोप नाही. ऑपरेशनसाठी काढलेलं कर्ज फेडायला ती पुन्हा मोळीच उचलते.

यात मला सगळ्यात जास्त चीड येते ती एका वाक्याची. एका खासगी दवाखान्यात, नाव घेत नाही, मी सोबत असताना एकतीस वर्षांच्या बाईला सांगितलं गेलं, "पोरं झाली ना? ऑपरेशन झालंय ना? मग आता पिशवीचा काय उपयोग?" बाईचं गर्भाशय म्हणजे मुलं काढायचं यंत्र, काम झालं की भंगार. हे मनुस्मृतीतलं बाईचं स्थान आहे, फक्त बोलणाऱ्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता.

गंमत अशी, की गर्भाशय न काढता ते वर उचलून बांधायच्या शस्त्रक्रिया याच महाराष्ट्रात घडल्या. गोव्याच्या शिरोड्यात जन्मलेले, मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांची टाक्याची शस्त्रक्रिया जगभर प्रसिद्ध आहे. त्यांनीच तरुण बायकांचं खाली आलेलं गर्भाशय पट्टीने वर बांधायची पद्धत बसवली. मुंबईच्याच पुरंदरे यांच्या नावाची अशीच पद्धत वैद्यकीय पुस्तकांत शिकवतात. म्हणजे तरुण बाईचं गर्भाशय वाचवायचं शास्त्र मुंबईत मराठी बोलणाऱ्या डॉक्टरांनी तयार केलं, आणि दोन-अडीचशे किलोमीटरवरच्या फडावरच्या बाईला त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर सांगत नाही. ज्ञान असणं आणि ते कुणाच्या वाट्याला येणं यातलं अंतर म्हणजेच जात, हे समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकलो होतो. ते असं असतं.

शस्त्रक्रियेच्या आधीचे दोन मार्ग तर त्याहून सोपे. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल, तर झोळीच्या स्नायूंचा व्यायाम. वारा किंवा लघवी अडवताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, पाच ते दहा आकडे मोजेपर्यंत धरायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे; असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. लघवी करता करता हा व्यायाम रोज करायचा नाही, एकदा स्नायू ओळखण्यापुरतं ठीक. खोकला आला किंवा काही उचलायची वेळ आली, तर आधी आवळून मग उचलायचं. पूर्ण बाहेर आलेलं अंग याने आत जात नाही, ती खोटी आशा कुणाला दाखवू नका.

दुसरा मार्ग रिंगचा. पेसरी म्हणतात तिला. सिलिकॉनची मऊ कडी, डॉक्टर किंवा शिकलेली नर्स मापाने आत बसवते आणि ती गर्भाशयाला खालून आधार देते. बसवल्यावर बाईला चालायला, बसायला, लघवी करून यायला सांगतात. टोचली किंवा निसटली तर माप बदलतात. काढून साबण-पाण्याने धुता येते, दर तीन ते सहा महिन्यांनी तपासून घ्यायची. वास, रक्त किंवा दुखणं आलं तर आधीच जायचं. ती असताना नवरा-बायकोचा संबंधही ठेवता येतो. पाळी गेलेल्या बाईला सोबत हार्मोनचं मलम देतात, म्हणजे आतली त्वचा सोलवटत नाही. शस्त्रक्रिया नको असलेल्या, ती झेपणार नसलेल्या किंवा हंगाम संपेपर्यंत थांबावं लागणाऱ्या बाईला रिंग हा मोठा आधार आहे, आणि ऑपरेशनच्या खर्चाशी तिची तुलनाच नाही. पण मी ज्या बायकांशी बोलते त्यांच्यापैकी जवळजवळ कुणीच हा शब्द ऐकलेला नसतो. लुगड्याचा बोळा माहीत आहे, रिंग माहीत नाही. बोळ्याने जखमा होतात आणि जंतू जातात. बाईने गरजेतून जे शोधलं त्याचंच स्वच्छ, मापाचं रूप सरकारने तिला द्यायला काय हरकत होती?

तपासणीच होत नाही, हे दुसरं दुखणं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली, तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तीन दशकांहून जास्त काळ लोटला. आता तिशीवरच्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करायचा सरकारी कार्यक्रम आहे. त्याच टेबलावर, त्याच पाच मिनिटांत, बाईला फक्त खोकायला सांगितलं तरी अंग खाली येतंय का ते दिसतं. वेगळी योजना लागत नाही. मात्र त्यासाठी उपकेंद्रात टेबल, पडदा आणि दार लागणारी खोली हवी, आणि ती आहे का हे आपण जाऊन बघायला हवं.

नेपाळचं उदाहरण यासाठी सांगते. तिथे या आजाराला 'आङ खस्ने' म्हणतात, आपलं 'अंग'च ते. डोंगरात ओझी वाहणाऱ्या, लवकर लग्न झालेल्या बायकांमध्ये तो इतका पसरलेला होता की बायकांच्या हक्कांसाठी लढणारे लोक न्यायालयात गेले. २००८ मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने हा बायकांच्या प्रजनन-आरोग्याच्या मूलभूत हक्काचा भंग असल्याचं मानून सरकारला पावलं उचलायला सांगितलं. निकालाने रातोरात सगळं सुधारलं नाही, पण आजार हक्काच्या भाषेत आला. आपल्याकडे संविधानाचं कलम २१ आहे, कलम ४२ मध्ये कामाच्या मानवी परिस्थितीचा आणि प्रसूती साहाय्याचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम ४२ आपल्या किती अभ्यासवर्गांत शिकवलं जातं?

काय करायचं, याबद्दल माझं म्हणणं साधं आहे. वर्षावासात विहारांत तीन महिने ग्रंथवाचन चालतं, बाया जमतात. त्यातला एक दिवस फक्त बायकांचा, पुरुष पदाधिकारी बाहेर, आणि एखादी परिचारिका किंवा स्त्री डॉक्टर आत. सुरुवात 'अंग बाहेर येतं का' अशी करायची नाही, कुणी बोलणार नाही. कंबरदुखीपासून सुरू करा, लघवी सुटण्यावर या, पुढचं त्याच सांगतील. आजारी भिक्खूला त्याच्याच घाणीत पडलेलं पाहून भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं आणि आनंदासोबत स्वतः त्याला धुतलं, ही विनयपिटकातली कथा आपण सांगतो. ती सांगणाऱ्याला अंगाच्या वासाची लाज वाटायचं कारण नाही.

दवाखान्यात बाईसोबत जाणारी कार्यकर्ती हवी. शिरूरचं ग्रामीण रुग्णालय, यवतचं ग्रामीण रुग्णालय, दौंडचं उपजिल्हा रुग्णालय इथे १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्य सरकारच्या निर्णयानुसार तपासणी-उपचार मोफत आहेत. पुढची शस्त्रक्रिया लागली तर औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा ससून. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते आरोग्यमित्राकडून लेखी विचारून घ्यायचं. डॉक्टरला विचारायचे प्रश्न ठरलेले असू द्या: कितव्या टप्प्याचा आहे, रिंग बसेल का, व्यायामाने थांबेल का, ऑपरेशन केलं तर झोळीही दुरुस्त करणार का, बीजकोष ठेवणार का. पाळी गेल्यानंतर रक्त जात असेल, बाहेर आलेलं अंग आत जात नसेल किंवा लघवी पूर्ण बंद झाली असेल, तर वाट न बघता त्याच दिवशी न्यायचं.

कारखान्यांकडे आणि ऊसतोड कामगार महामंडळाकडे मागायची गोष्ट वेगळी. बाळंत झालेल्या बाईला किमान सहा महिने मोळी वाहण्यातून सूट, आणि त्या काळाची मजुरी कारखान्याने भरायची, मुकादमाच्या उचलीतून कापायची नाही. खाडा बंद. प्रत्येक कोपीतळावर संडास आणि पाणी. स्थानिक शेतकरी म्हणतील, तोडणीचा खर्च वाढेल. वाढेल. आत्तापर्यंत तो बाईच्या शरीरातून वसूल होत होता, म्हणून कमी दिसत होता.

आणि एक काम या महिन्यातच करता येईल. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांबाबतच्या डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी सगळ्या राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. त्या सूचनांत जिल्हा पातळीवर देखरेख समिती सांगितलेली आहे. पुणे जिल्ह्यात ती समिती कधी स्थापन झाली, तिच्या किती बैठका झाल्या, शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या खासगी दवाखान्यांनी चाळिशीच्या आतल्या किती बायकांची गर्भाशयं काढल्याची नोंद तिच्याकडे आहे, आणि दोन्ही तालुक्यांतल्या सरकारी दवाखान्यांनी गेल्या तीन वर्षांत किती पेसरी रिंग मागवल्या, हे चार प्रश्न माहिती अधिकारात विचारायचे आहेत. पहिले तीन जिल्हा शल्यचिकित्सकांना, चौथा त्यांना आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला. अर्जाचं शुल्क दहा रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही.